कंटेनर जहाजाची जात कोण ठरवतं?

मंडळी, कंटेनर जहाज किती मोठं बांधायचं हे बऱ्याच अंशी कालवा आणि धक्का ठरवतात. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमधून, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणाऱ्या दरवाजाबंद कप्प्यातून, 32.3 मीटरपेक्षा रुंद जहाज जात नसे. डेकवर आडव्या 13 ओळी आणि साधारण 5,000 टीईयू ही ‘पनामॅक्स’ची हद्द त्यातूनच आली. टीईयू म्हणजे 20 फुटी एक कंटेनर. 40 फुटी असेल तर दोन धरायचे. 2016 मध्ये नवे, रुंद लॉक सुरू झाले आणि 14,000 टीईयूच्या आसपासची जहाजं तिथून जाऊ लागली. आशिया-युरोप मार्गाची जहाजं त्याहून मोठी: 400 मीटर लांब, 61 मीटर रुंद, आडव्या 24 ओळी.

या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. जून 2025 मध्ये केरळातल्या विळिंजम बंदरात आलेल्या ‘एमएससी इरिना’ची क्षमता 24,346 टीईयू आणि वहनभार, म्हणजे पेलता येणारं एकूण वजन, सुमारे 2,40,000 टन. भागाकार करा: दर टीईयूला जेमतेम 10 टन, आणि त्यातूनच इंधन नि बॅलास्टचं (तोल राखायला तळटाक्यांत घेतलेलं) पाणीही वजा करायचं. तांदूळ भरलेला 20 फुटी कंटेनर सहज 25 टनांवर जातो. म्हणजे बरेच डबे हलके किंवा रिकामे असतील तरच जहाज ‘भरतं’.

माझ्या मते खरी कसोटी फीडरची. मोठ्या जहाजाचा माल छोट्या बंदरांत पोचवणारं हे जहाज काही शे ते 3,000 टीईयूचं. धक्क्यावर क्रेन नसेल तिथे स्वतःची क्रेन घेऊन जाणारंही. समजा, ते कोलंबोहून तुतिकोरिन, कोची, मंगळूर करत निघालं. मंगळूरचा माल शेवटी उतरणार, म्हणून तो तळाशी हवा. पण तो हलका आणि तुतिकोरिनचा जड असेल तर? जड वर ठेवला की गुरुत्वमध्य वर जातो. बॅलास्ट घेऊन तो खाली आणता येतो, पण मग ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात जितकं बुडतं ती खोली, वाढतो आणि तेवढा माल कमी घ्यावा लागतो. नाहीतर वाटेत डबे उचलून पुन्हा लावा. त्या प्रत्येक उचलीचे पैसे पडतात. शिवाय 40 फुटी डब्यावर 20 फुटी दोन ठेवता येत नाहीत, कारण 40 फुटीला मधोमध भार घेणारे खांबच नसतात.

डेकवर डबे आवळून बांधणारे लॅशिंग रॉड खालच्या दोन-तीन थरांपर्यंतच पोचतात, लॅशिंग ब्रिज (ते बांधायचा उंच मचाण) असेल तर थोडे आणखी वर. त्यापुढे डबे फक्त ट्विस्टलॉकवर, म्हणजे डब्याला डबा कोपऱ्यात जोडणाऱ्या फिरत्या खिट्ट्यांवर उभे. वरच्या थरातल्या एका डब्याचं वजन कागदावर 8 आणि प्रत्यक्षात 20 टन असेल, तर जहाज हेलकावताना खालच्या डब्यांचे कोपरखांब चेपू शकतात आणि अख्खी रास कोसळू शकते.

2007 मध्ये इंग्लिश खाडीत फुटलेल्या ‘एमएससी नेपोली’चे डेकवरचे, कोरडे राहिलेले सुमारे 660 डबे नंतर तोलले, तेव्हा 137 डब्यांचं वजन जाहीर वजनापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळं निघालं. 1 जुलै 2016 पासून पडताळलेलं वजन दिल्याशिवाय डबा जहाजावर चढवता येत नाही. एक तर भरलेला डबा वजनकाट्यावर घ्या. नाहीतर प्रत्येक पेटी, पॅलेट आणि आधाराची लाकडं तोलून त्यात डब्याच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन मिळवा. दुसऱ्या पद्धतीत बेरजेतून हमखास सुटतात ती लाकडंच.