आकाशकंदिलाचा झोका: चोवीस चित्रं, दोन सेकंद

[पडद्यावर: खिळ्याला टांगलेला कागदी आकाशकंदील संथ झुलतोय.]

दिवाळीच्या शुभेच्छांमधला हलता कंदील बऱ्याचदा पुढे-मागे नुसता सरकतो, झुलत नाही. चित्र छान असतं. चुकतात ते कोन आणि झिरमिळ्यांची वेळ. हा झोका इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळापासून बांधू.

कंदिलाचा फक्त डावा अर्धा भाग काढायचा. पोटाच्या फुगीर वळणाला वर एक आणि खाली एक, असे दोनच नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, पुरतात. फुगवटा नोडला जोडलेलं हँडल, म्हणजे वळण ठरवणारी दांडी, ओढून ठरवा. पाच-सहा नोड टाकले की कड खडबडीत होते. हँडलने वळणारी ही वक्ररेषा मोटारींच्या दुनियेतून आली आहे. रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात गाड्यांच्या बाह्यरूपाची वळणं आखायला ती वापरली.

आता कंट्रोल-डीने प्रत काढा, एच दाबून ती उलटवा आणि उजवीकडे सरकवून दोन्ही भागांचं युनियन करा, म्हणजे ते जोडून एकच आकार होतो. स्नॅपिंग चालू ठेवा, म्हणजे कडा एकमेकींना आपोआप चिकटतात. केसाएवढी फट राहिली तरी पोटाच्या मधोमध चीर दिसते.

उजेडासाठी ब्लर, म्हणजे कडा धूसर करणं, टाळा, चोवीस फ्रेममध्ये फाइल जड होते. गोल ग्रेडियंट, म्हणजे मधून बाहेर विरत जाणारा रंग, घ्या. त्याचं बाहेरचं टोकही पिवळंच ठेवा, फक्त अपारदर्शकता शून्य करा. तिथे काळा रंग राहिला, तर उजेडाला मळकट कड येते.

[पडद्यावर: खिळा जवळून. त्यावर अधिकचं छोटं चिन्ह.]

दोरी, कंदील आणि झिरमिळ्या यांचा एक गट करा. गटावर दुसऱ्यांदा क्लिक केलं की मधोमध अधिकचं चिन्ह येतं. ते ओढून खिळ्यावर न्या. हे विसरलात तर कंदील स्वतःच्या पोटाभोवती फिरतो आणि दोरी खिळ्यावरून सुटते.

सेकंदाला १२ चित्रं धरली, तर चोवीस चित्रांत २ सेकंदांचा पूर्ण झोका होतो. साधारण एक मीटर लांबीच्या लंबकालाही जाऊन यायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून ही गती डोळ्याला पटते.

उजव्या टोकापासून कोन असे: १२, ११.६, १०.४, ८.५, ६, ३.१ आणि मध्यावर ०. मग तेच कोन उलट क्रमाने डावीकडे, आणि तसंच परत. टोकाशी दोन चित्रांतला फरक ०.४ अंश आहे, मध्याशी ३.१. सगळीकडे सारखे २ अंश दिले की कंदील टोकाला आपटून परतल्यासारखा वाटतो. प्रत्येक कोन शून्य अंशाच्या मूळ चित्रावरूनच द्या, आधीच्या फ्रेमवरून नको. बारीक चुका साचत जातात.

[पडद्यावर: झिरमिळ्यांची टोकं, अगदी जवळून.]

खरा जीव इथे आहे. आत्तापर्यंत झिरमिळ्या कंदिलाबरोबर ताठ फिरल्या. ही ताठ फाइल वेगळी जपून ठेवा. प्रत्येक झिरमिळीला तीन नोड हवेत. वरचा कंदिलाला चिकटलेला, त्याला हात लावायचा नाही. मधला नोड एक फ्रेम आधीच्या ताठ चित्रातल्या जागी न्या, टोकाचा नोड तीन फ्रेम आधीच्या. ती ताठ चित्रं खालच्या लेयरवर ३० टक्के अपारदर्शकतेने ठेवली की गिरवायला सोपं जातं. दुरुस्त केलेल्या फ्रेमवरून मोजू नका, उशीर वाढत जातो. कंदील मध्यावरून डावीकडे जाताना टोकं अजून उजवीकडेच रेंगाळतात. म्हणून परतीच्या झोक्यात कंदील तोच चालतो, झिरमिळ्या मात्र नव्याने बसवाव्या लागतात. काम किचकट आहे, पण इथे घाई करू नका.

एक्सपोर्ट करताना चित्राची नव्हे, पानाची चौकट निवडा. नाहीतर प्रत्येक पीएनजीचं माप वेगळं येतं आणि कंदील थरथरतो. फाइलींना ००१ ते ०२४ अशी नावं द्या. नुसते १, २ लिहिले तर काही सॉफ्टवेअर दोनच्या आधी दहा लावतात. व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा ठेवा, म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोन फ्रेम टिकतं. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एखादं चित्र तीन फ्रेम रेंगाळतं आणि झोका अडखळतो.

चोविसावं चित्र ११.६ अंशांवर संपतं. त्यापुढे १२ अंशांचं पंचविसावं जोडू नका. ते पहिल्या चित्रातच आहे.

[पडद्यावर: कंदील झुलतोय, झिरमिळ्या मागून येताहेत.]