क्रिएटिनिन नॉर्मल आलं, तरीही…

(दृश्य : टेबलावर दोन रिपोर्ट. कॅमेरा एका आकड्यावर.)

दोन्ही रिपोर्टवर सीरम क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, १.१. एक रिपोर्ट २५ वर्षांच्या तरुणाचा, दुसरा ७० वर्षांच्या बाईंचा. आता यात वय आणि लिंग धरून ईजीएफआर काढू, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज. तरुणाचा येतो सुमारे ९५. बाईंचा ५४.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. उतारवयात स्नायू झडतात, क्रिएटिनिनही कमी बनतं, आणि किडनी मंदावली तरी आकडा चौकटीतच राहतो. म्हणून नुसतं क्रिएटिनिन पाहून कुणी ‘किडनी चांगली आहे’ म्हटलं, तर तिथे थांबू नका. ईजीएफआर विचारा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार.

पण मधुमेहात ईजीएफआरही सुरुवातीला चकवतो.

(दृश्य : केशवाहिन्यांच्या गुंत्याचं रेखाचित्र.)

एकेका किडनीत अशा सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तात साखर जास्त राहिली, की गाळणीत रक्त आणणारी वाहिनी रुंदावते. आत दाब चढतो, गाळण्याचा वेग उलट वाढतो आणि रिपोर्ट छान दिसतो. त्या दाबाखाली गाळणीचा पडदा हळूहळू सैल होतो आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं. दुखत नाही, सूज नाही. लघवीला फेस येईपर्यंत बरीच गळती झालेली असते.

लघवीत बुडवायची साधी पट्टी ही सुरुवातीची गळती पकडू शकत नाही. रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन : निल’ येतं आणि माणूस निश्चिंत होतो. हवी असते ती यूएसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण.

(दृश्य : दोन डब्या. एकीत फिकट लघवी, दुसरीत गडद.)

प्रमाणच का? फिकट नमुन्यात लिटरमागे अल्ब्युमिन २० मिलिग्रॅम, गडद नमुन्यात ४०. गडद वाईट वाटतो ना? पण फिकट नमुन्यात क्रिएटिनिन लिटरमागे ०.४ ग्रॅम आहे, गडदमध्ये २ ग्रॅम. भागाकार केला, की फिकट येतो ५०, गडद २०. गळती फिकट नमुन्यात आहे. भरपूर पाण्याने ती झाकली होती. म्हणून फॉर्मवर फक्त ‘मायक्रोअल्ब्युमिन’ लिहिलं असेल, तर प्रमाण मिळणार का, हे लॅबमध्ये आधीच विचारून घ्या.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा. सुरुवातीची धार सोडून मधली धरायची. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला असेल, ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा मासिक पाळी असेल, साखर किंवा रक्तदाब फारच चढला असेल, तर आकडा खोटा वाढतो. अशा वेळी तपासणी पुढे ढकलावी.

यूएसीआर ३०च्या खाली ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू. त्याहून वर, तर बरीच वाढलेली. मात्र एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीनपैकी दोन नमुने वाढलेले हवेत. अल्ब्युमिन ठीक असूनही काहींचा ईजीएफआर घसरत जातो. म्हणून वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या : टाइप २ मध्ये निदान झाल्याबरोबर, कारण मधुमेह कधी सुरू झाला हे बहुधा कळलेलंच नसतं, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर.

(दृश्य : रक्तदाब मोजणारे हात.)

गळती ठरली, की डॉक्टर बहुधा एसीई इनहिबिटर किंवा एआरबी या गटातलं रक्तदाबाचं औषध देतात. गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी त्याने सैलावते आणि आतला दाब उतरतो. दाब उतरला, की क्रिएटिनिन थोडं चढतं. हे पाहून घाबरून कित्येक जण गोळी परस्पर बंद करतात, आणि इथेच फार नुकसान होतं. पहिल्या चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, आणि गोळीचं काय करायचं ते रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी ठरवायचं.