शेवंती, अळी आणि गारठ्यात अडलेलं काम

(रात्र. काचघरांच्या लांबच लांब रांगा, आत दिवे.)

हे जपानमधलं आत्सुमी द्वीपकल्प, आइची प्रांत. शेवंतीला मोठी रात्र मिळाली की ती कळी धरते, म्हणून फूल पाहिजे तेव्हाच काढायचं तर रात्री दिवे लावून तिला फसवायचं, एवढंच हे गणित. पण जपानमध्ये काही फूलशेतकरी वेगळे पिवळे दिवेपण लावतात आणि ते फुलासाठी नसतात, पतंगासाठी असतात. पिवळ्या उजेडात त्याला वाटतं अजून दिवसच आहे, तो गप्प बसून राहतो.

हा पतंग म्हणजे हेलिकोव्हर्पा, आपल्या ओळखीचाच! हरभऱ्यावरची घाटे अळी, कापसावरची हिरवी बोंडअळी, तीच बया तिकडे शेवंतीच्या कळीत शिरते. कापसाची चार बोंडं गेली तर वजन कमी भरतं, इथे एक भोक पडलं की अख्खी दांडी बाद, कारण ही फुलं जातात अंत्यविधीला, थडग्यावर, तिथे किडकं फूल कोण नेणार.

मग जपानमधल्याच फुकुईच्या कृषी संशोधन केंद्रात तेच केलं जे आपल्याकडे कापसात 2002 पासून आहे. बीटी, म्हणजे एका जिवाणूचा अळी मारणारा जीन पिकात घालायचा. गंमत म्हणजे हा जिवाणू पहिल्यांदा सापडला तोही जपानमध्येच, 1901 साली, शिगेताने इशिवाता यांना, रेशीमकिडे का मरतात ते शोधताना. त्याचं प्रोटीन अळीच्या पोटात विरघळतं, आतड्याला भोकं पडतात, अळी खायचं सोडते आणि मरते. त्याचा जीन शेवंतीत घातला आणि अळी मेली, म्हणजे काम झालं ना?

नाही झालं. जपानभर जंगली शेवंत्या आहेत, त्यांच्याशी हिचा संकर होतो. परागकण तिकडे गेले तर बीटीही जाणार आणि रानातल्या भलत्याच अळ्या मरणार. म्हणून परागकणच बनू नयेत यासाठी खरबुजातला एक जीन, थोडा बदलून, त्यात घातला. उबेत परागकण थांबले, गारठ्यात परत दिसायला लागले. आणि शेवंतीचा हंगाम कधी, तर थंडीच्या तोंडावर. घ्या!

रंगाचं मात्र बघा, सनटोरी कंपनीचा निळा म्हणवला जाणारा गुलाब 2009 मध्ये जपानच्या दुकानात आला, 2017 मध्ये निळी शेवंतीपण प्रयोगशाळेत फुलली, तिच्यात आपल्या गोकर्णीचा जीन आहे. मला विचाराल तर यात नवल नाही, निळा रंग गिऱ्हाईकाला दिसतो, अळी नाहीये हे कुणाला दिसतं? त्याचे जास्तीचे पैसे कोण देणार?

आणि समजा उद्या ही बीटी शेवंती आलीच, तरी फवारणीचा पंप काही अडगळीत जात नाही, कारण हे बीटी अळीसाठी, मावा आणि फुलकिडे रस शोषणारे, त्यांचं यानं काहीच बिघडत नाही.