आधी ट्रेलर, मग बोट

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, 'बोटीच्या घरगुती दुरुस्तीत ट्रेलरमध्ये करायचे बदल : एक्सलची जागा आणि कपलिंगवरचा भार'. तो मी घेणार आहे, काळजी नसावी. पण एक्सलपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसापर्यंत, पोचायच्या वाटेत माझी एक जुनी तक्रार आडवी पडलेली आहे. ती ओलांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तक्रार अशी, की ट्रेलरचा फोटो कोणी काढत नाही. जुनी बोट दारात आली की माणूस पहिल्या संध्याकाळी काय करतो? रंगाचं कार्ड उघडतो. सीटचं कापड निवडतो. नाव कुठल्या अक्षरात रंगवायचं यावर घरात भांडण होतं. आणि या सगळ्याच्या खाली, चिखलात चाकं रुतवून, ज्याने ती बोट इथवर आणली तो बिचारा उभा असतो. विकणारा म्हणालेला असतो, "ट्रेलर काय, तसाच घेऊन जा." आपणही खूश. तसाच म्हणजे कसा, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. मी सांगतो ना कसा : बोटी मालक बदलतात आणि ट्रेलर बोटी बदलतात. तुमच्याकडे आलेला ट्रेलर तुमच्याच बोटीसाठी बनला होता, याची कसलीही खात्री नसते. साडेचार मीटरच्या बोटीचा ट्रेलर साडेपाच मीटरची बोट पाठीवर घेऊन वर्षानुवर्षं फिरताना मी पाहिलाय. पुढे सगळं छान बसलेलं, मागचा हातभर भाग हवेत. आणि त्या हवेतल्या भागावरच इंजिन!

तर माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ संपला तरी हरकत नाही. बोटीचं फ्लोअर कापायच्या आधी ट्रेलर दुरुस्त करा. बोट झाल्यावर उरलेल्या पैशात, उरलेल्या रंगात आणि उरलेल्या उत्साहात नाही. आधी.

का, ते सांगतो. फायबरग्लासच्या बोटीची खोळ आपल्याला दगडासारखी वाटते, कारण तिच्या आत फ्लोअर असतं, फ्लोअरखाली लांबीच्या दिशेने स्ट्रिंगर, म्हणजे आधाराचे वासे, असतात, वर डेकची कड असते. सगळं एकमेकांना धरून असतं. जुन्या बोटीत हे स्ट्रिंगर बहुधा लाकडाचे किंवा प्लायवूडचे, वरून फायबरग्लास गुंडाळलेले. कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं आणि लाकूड आतून कुजतं. मग आपण करवत घेतो, फ्लोअर काढतो, स्ट्रिंगर काढतो, जमलं तर डेकही उचलतो. आता उरलं काय? एक पातळ कवच. सैल खाटेवर रोज झोपणाऱ्याची पाठ जशी खाटेचं ऐकू लागते, तसं हे कवच ट्रेलरचं ऐकू लागतं. पॉलिएस्टर रेझिनचं फायबरग्लास सतत भाराखाली हळूहळू वाकत जातं, उन्हात तापलं तर जास्तच. आणि त्या वाकलेल्या अवस्थेत तुम्ही आत नवे स्ट्रिंगर बसवता, रेझिन ओतता, ते पक्कं होतं. झालं! ट्रेलरचा दोष बोटीत कायमचा छापला गेला. दुरुस्ती चालू असेपर्यंत ट्रेलर हे वाहन नसतं, मंडळी, तो साचा असतो.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. त्याची परवानगी आहे, नाव सांगायची नाही. हा माणूस असा नीटनेटका, की भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली आणि पाना तिथेच टांगायचा. पॉलिश पेपर नंबरवारी लावलेले. त्याने साडेपाच मीटरची बोट घेतली. ट्रेलरवर बोट ज्या दोन लांब फळ्यांवर टेकते, ज्यांना आपण बंक म्हणतो, त्या फळ्या बोटीच्या मागच्या आडव्या भिंतीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, हातभर अलीकडेच संपत होत्या. हे त्याने पाहिलं. मलाही दाखवलं. म्हणाला, "हे शेवटी बघू." मग त्याने फ्लोअर काढलं, दोन्ही स्ट्रिंगर एकदम काढले, फ्लोअरखालचा पाणी प्यालेला फोम पोती भरभरून बाहेर टाकला. आणि इंजिन? इंजिन ट्रान्समवरच लटकत ठेवलं. का, तर ते ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती. भिंतीवर प्रत्येक पान्याला जागा होती, लक्षात घ्या.

काम मात्र असं केलं, की दृष्ट काढावी. नवे स्ट्रिंगर, नवं फ्लोअर, एक बुडबुडा नाही. बोट पाण्यात उतरली आणि वेग घेताना नाक उचलेना. नांगरासारखी पाण्यात घुसत चालली. मग सुरू झाली वैद्यांची रांग. पहिला म्हणाला प्रोपेलर बदला. बदलला. दुसरा म्हणाला इंजिन एक भोक वर घ्या. घेतलं. तिसऱ्याने बॅटऱ्या मागे न्यायला लावल्या. चौथ्याने मेव्हण्याला मागे बसायला लावलं. मेव्हणा वजनदार होता, थोडा फरक पडला, पण मेव्हणा काही कायमचा बसवता येत नाही. (हशा) पाचव्याने ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समच्या खालच्या कडेला लावायच्या हलत्या पट्ट्या, बसवायचा सल्ला दिला. आता ट्रिम टॅबचं कामच मुळी मागची बाजू उचलून नाक खाली दाबायचं! ते मात्र बसवण्याआधी थांबवलं गेलं.

शेवटी बोट पुन्हा ट्रेलरवर घेतली आणि एकाने दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी मागच्या कडेपासून पुढे, कण्याला समांतर, तळाला लावली. पट्टी आणि तळ यांच्यामधून उजेड आला. करंगळीचं टोक जाईल एवढी खोलगट जागा. आणि तिचा सर्वांत खोल भाग कुठे? बरोबर जिथे बंक संपत होते तिथे. बंकच्या टोकाने तळ आत दाबला गेला होता, त्याच्या मागचा भाग इंजिनाच्या वजनाने खाली लोंबला होता. बोटवाले याला हुक म्हणतात. तळ मागच्या बाजूला असा अंतर्वक्र झाला की पाणी मागची बाजू उचलतं, नाक दबतं, तळाचा जास्त भाग पाण्याला घासतो आणि वेग जातो. याच्या उलट, तळ बाहेरच्या बाजूने फुगला तर त्याला रॉकर म्हणतात. मग बोट नाक वर-खाली, वर-खाली करत डॉल्फिनसारखी उड्या मारते. दोन्हींचं मूळ बऱ्याचदा कोरड्या जमिनीवर असतं. पुढच्या रांगेतले दोघं आता एकमेकांकडे बघताहेत. घरी गेलात की पट्टी लावून बघाच.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे इंजिन उतरवा. त्याला स्टँड करा, कोपऱ्यात उभं करा, काहीही करा. दुसरं, बंक ट्रान्समपर्यंत न्या. इंचभर बाहेर आले तर उत्तम, इंचभरही आत नकोत. तिसरं, ट्रेलर नुसता चाकांवर ठेवून बोटीत कामाला बसू नका. एका टायरची हवा महिन्याभरात उतरते, एक स्प्रिंग दुसरीपेक्षा बसलेली असते, आणि सांगाडा पिळला जातो. सांगाड्याखाली भक्कम टेकू द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर बोटीखाली जाऊ नका, आणि मग पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत आणा. गवंडी वापरतो तीच पद्धत. लेझर असेल तर वापरा, पण पाणी खोटं बोलत नाही आणि त्याची बॅटरीही उतरत नाही. सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे हवेत.

आणि करवत लावायच्या आधी, अजून बोट घट्ट असताना, तिचा आकार पकडून ठेवा. तीन-चार ठिकाणी तळाच्या बाहेरच्या आकाराचे प्लायवूडचे अर्धचंद्र कापा आणि ट्रेलरच्या आडव्या पट्ट्यांवर पक्के करा. वरच्या कडेला एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवे वासे ठोका, नाहीतर डेक उचलल्यावर बाजू फाकतात आणि नंतर डेक परत बसत नाही. ते दृश्य फार करुण असतं. स्ट्रिंगर शक्यतो एकावेळी एकच काढा.

बंकऐवजी फिरत्या रोलरवर बोट टेकवणारे, रोलरवाले, असतील सभागृहात. माझं तुमच्याशी वैर नाही. उतारावर पाणी कमी असेल तर रोलरवरून बोट सुरेख सरकते. पण साधा हिशोब करू. समजा बोट 900 किलोची आहे. अडीच मीटर लांब, 9 सेंटिमीटर रुंद असे दोन बंक, म्हणजे 4500 चौरस सेंटिमीटर टेकू. दर चौरस सेंटिमीटरला 200 ग्रॅम. तीच बोट आठ छोट्या रोलरवर ठेवा, प्रत्येक रोलर 10 चौरस सेंटिमीटर टेकतो असं धरा, तर दर चौरस सेंटिमीटरला 11 किलोंच्या वर. पन्नास पटींहून जास्त! भरलेल्या, घट्ट बोटीला हे चालून जातं. स्ट्रिंगर काढलेल्या कवचाला नाही. दुरुस्तीपुरते तरी बंक लावा, मग हवे तर रोलर परत बसवा.

बंकच्या लाकडाबद्दल एक. वाळवी-कुजीपासून वाचवायला तांब्याची संयुगं दाबून भरलेलं लाकूड मिळतं. ॲल्युमिनियमच्या बोटीखाली ते अजिबात नको, तांबं आणि ॲल्युमिनियम ओले झाले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वरचा गालिचाही खारं पाणी धरून ठेवतो. अशा लाकडात साधे खिळे-स्क्रूही टिकत नाहीत, स्टेनलेस किंवा जाड गॅल्वनाइज केलेले घ्या.

ती चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. म्हणजे छापलेला विषय आता.

कपलिंगवरचा भार म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर जेवढं दाबतं तेवढं वजन. बोटीच्या ट्रेलरला तो एकूण वजनाच्या साधारण 5 ते 10 टक्के असावा, आणि गाडीची स्वतःची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते ती ओलांडू नये. फार कमी असला तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि ती हालचाल वेगाबरोबर वाढत जाते. हिशोब तरफेचा. एकूण 900 किलो, कपलिंगपासून एक्सल 4 मीटर, आणि गुरुत्वमध्य एक्सलच्या 25 सेंटिमीटर पुढे. 900 गुणिले 0.25 भागिले 4, आले 56 किलो, सहा टक्क्यांच्या थोडं वर. आता एक्सल 10 सेंटिमीटर मागे घ्या. 900 गुणिले 0.35 भागिले 4.1, म्हणजे 77 किलो. साडेआठ टक्के. फक्त 10 सेंटिमीटरमध्ये!

आता माझी तक्रार आणि हा हिशोब कुठे भेटतात ते बघा. भार जास्त वाटला की लोक सोपा मार्ग धरतात : विंचचा, म्हणजे बोट ओढून घेणाऱ्या पुढच्या चरखीचा, खांब मागे सरकवतात, बोट मागे जाते, भार कमी होतो. आणि ट्रान्सम पुन्हा बंकच्या बाहेर हवेत! बोटीची जागा बंक ठरवतात, भार ठरवत नाही. ट्रान्सम बंकवर, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, विंचच्या खांबाच्या रबरावर, विषय संपला. भार जुळवायचा तर एक्सल हलवा. तो बहुतेक ट्रेलरवर यू-बोल्टने धरलेला असतो, याच कामासाठी. फक्त दोन्ही बाजू सारख्या सरकवा. कपलिंगच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत फीत लावा, अंतर सारखं हवं, नाहीतर ट्रेलर खेकड्यासारखा तिरका चालेल.

आणि हे अंतिम माप बोट पोकळ असताना घेऊ नका. 120 किलोचं इंजिन एक्सलच्या 1.4 मीटर मागे असेल, तर ते नुसतं उतरवल्याने कपलिंगवरचा भार 42 किलोंनी वाढतो. उलट ते परत चढवलं की तेवढाच उतरतो. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे 75 किलो. तुम्ही बाहेर टाकलेला ओला फोम किती किलोंचा होता, देवाला ठाऊक. म्हणून जुन्या मालकाने बसवलेल्या जागेवर विश्वास नको. ट्रेलर आधी दुरुस्त करा म्हणालो, त्यात बंक, सांगाडा, पातळी आली. एक्सल मात्र तेव्हा नुसता मोकळा करून, साफ करून, नवे यू-बोल्ट लावून ठेवा आणि शेवटी सगळं सामान भरून जागा पक्की करा.

पाच मिनिटं. बेअरिंग : प्रवासाने तापलेला हब, म्हणजे बेअरिंग असतं तो चाकाचा मधला भाग, थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढते. गंज तिथून सुरू होतो. उतारावर पोचल्यावर थोडं थांबा, हब निवू द्या. ग्रीस दाबूनदाबून भरू नका, मागचं सील निसटतं. टायर : रेघा शाबूत आहेत म्हणून खूश होऊ नका, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. कडेवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. पाच-सहा वर्षांवर गेले की बदला.

वेल्डिंग. गॅल्वनाइज केलेल्या सांगाड्यावर सरळ वेल्डिंग करू नका. जस्ताचा पांढरा धूर फुप्फुसात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जस्त घासून काढा, तोंडाला योग्य मास्क, मोकळी हवा, आणि नंतर त्या जागेवर जस्ताचा रंग. पण मी म्हणेन, जोडायचंच असेल तर बोल्टने जोडा. बंकचे पाय, आडव्या पट्ट्या, विंचचा खांब, सगळं सरकवता येईल असं ठेवा, कारण पुढची बोट येणारच आहे. हसू नका, येणारच आहे.

दिव्यांचं राहिलं. मागचे दिवे मिणमिणले की लोक बल्ब बदलतात. बिघाड बहुतेक अर्थिंगचा असतो, कारण परतीची वाट गंजलेल्या सांगाड्यातून आणि कपलिंगच्या ग्रीसमधून जाते. प्लगपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थिंगची वेगळी तार ओढा. बल्बचे दिवे असतील तर पाण्यात उतरण्याआधी प्लग काढा, गरम काच थंड पाण्यात तडकते. विंचच्या पट्ट्याशिवाय एक वेगळी साखळी नाळेला लावा, आणि मागची बाजूही ट्रेलरला आवळून बांधा. बसतो. प्रश्न एक्सलवरच विचारा, रंगावर नको.