फळ्यावर आपली बातमी

(सोलापुरातल्या एका प्राथमिक शाळेच्या डिसेंबरमधल्या पालक सभेत निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मोठ्या बाई, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, शिक्षक मंडळी, आणि हातातलं काम टाकून आलेल्या आयांनो, बाबांनो, आज्यांनो, सगळ्यांना नमस्कार. मागं उभ्या असलेल्या बायकांनी पुढं या, इथं सतरंजी रिकामी आहे. लेकरू रडलं तर रडू दे, त्याला बाहेर नेऊ नका. पुढंमागं त्याचीच शाळा आहे ही.

मोठ्या बाईंनी मला ही चिठ्ठी दिलीय. वर विषय लिहिलाय 'दुसऱ्या सत्रातील उपक्रम', खाली सात मुद्दे. वेळ अर्धा तास, कारण साडेबाराला मुलांची ताटं मांडायची आहेत. सातही मुद्दे मी घेणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलते. एकतीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवून जे माझ्या मनात पक्कं बसलंय, ते बोलायला मला अशी माणसं क्वचित मिळतात.

तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा डाव्या हाताला फळा होता. कितीजणांनी वाचला? हात वर करा. चार. बरं, त्यावर काय आहे ते मी सांगते. वर सुविचार, त्याखाली दिनविशेष आणि त्याखाली 'आजची बातमी'. अक्षर सुरेख आहे, रेघेवर बसवलेलं. बातमी अशी आहे की रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना कर्ज देते त्याचा व्याजदर, जैसे थे राहिला. ज्या मुलानं ती लिहिली तो मला आत्ता ओट्यावर भेटला. मी विचारलं, "रेपो दर म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "बाई, दर म्हणजे भाव. रेपो कुठं मिळतो ते ठाऊक नाही." डोकं चाललंय बघा त्याचं! अर्धं उत्तर त्यानं स्वतः काढलं. उरलेलं अर्धं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं पेपरातून उतरवलं, परिपाठाला खणखणीत वाचलं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि रांगा वर्गात गेल्या.

आपल्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा एवढं सगळं असतं. यात मुलाचं स्वतःचं असं एकच काहीतरी होऊ शकतं, ते म्हणजे बातमी. आणि तीच आपण पेपरातून उसनी आणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की फळ्यावरची बातमी मुलाची असावी. त्याच्या बोळातली, त्याच्या घरातली, या शाळेतली, त्यानं स्वतः पाहिलेली.

हे मला सुचलं ते एका पाण्याच्या बातमीवरून. आपल्या गावात नळाला पाणी कसं आणि किती दिवसांनी येतं ते मी तुम्हाला काय सांगू! चौथीतली एक मुलगी रोज वर्गात पेंगायची. मी रागावले नाही, खडू दिला आणि म्हटलं, का झोप येते ते फळ्यावर लिही. तिनं लिहिलं, "काल आमच्या बोळात पाणी आले. पाच दिवसांनी आले. रात्री दोन वाजता आले. आईने उठवले. मी आठ घागरी भरल्या." लगेच पाठीमागून एक मुलगा उठला. "बाई, खोटं आहे. पाच नाही, सहा दिवस झाले." वर्गात दोन तट पडले. मग आम्ही कॅलेंडर काढलं. मागच्या वेळी पाणी कधी आलं होतं? एकीला आठवलं, त्या दिवशी आमच्याकडं पाहुणे होते, बुधवार होता. बोटं ठेवून दिवस मोजले. पाणी आलं तो दिवस धरायचा की नाही यावरून पुन्हा भांडण! शेवटी ठरलं की मधले दिवस पाच आणि आल्याचा दिवस धरला तर सहा. दोघंही बरोबर होते. मुलीनं 'पाच दिवसांनी' पुसून 'मध्ये पाच दिवस गेले' असं लिहिलं. गणित झालं, भाषा झाली. आणि बातमी लिहायची तर आधी खात्री करायची असते, हे चौथीतल्या पोरांना कुणी न सांगता कळलं. संध्याकाळी तिची आई भेटली तेव्हा मी विचारलं, मोठ्या घागरीऐवजी पोरीला कळशी देता येईल का? ती बिचारी काही बोलली नाही, पण दिली. माझ्या वर्गातल्या मुलीची झोप पाण्यात जाते हे मला त्या फळ्यानं सांगितलं. हजेरीपटानं नाही सांगितलं.

आता दुसरी गोष्ट. ही थोडी लांबेल. मोठ्या बाई घड्याळाकडं बघताहेत, पण ही सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

इथल्या किती आया विड्या वळतात? हात वर करायला नको, मला माहीत आहे. मजुरी हजार विड्यांवर मिळते हेही तुम्हाला ठाऊक आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडते तेही. माझ्या वर्गात एक अबोल मुलगी होती. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये ती गप्प. वर्षभर परिपाठाला तिचा आवाज मी ऐकला नव्हता. एके दिवशी सकाळी मी आले तर फळ्यापाशी ती एकटी. टाचा उंचावून लिहीत होती. "काल कारखान्यात अम्माच्या दीडशे विड्या काढल्या. अम्मा जेवली नाही. मी भाकरी केली. एका बाजूने जाड झाली. अम्माने तीच खाल्ली."

'अम्मा'च्या जागी 'आई' कर, असं मी म्हटलं नाही. 'काढल्या'मधला 'ढ' उलटा होता, त्यालाही हात लावला नाही. परिपाठाला तिनं ते वाचलं. आवाज इतका बारीक की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेला, म्हणून मागच्या मुली आपण होऊन पुढं सरकल्या. मग वर्गात एकेक बोलू लागलं. "माझ्या आईच्या पण काढतात." "आमच्या आजीच्या काढत नाहीत, आजी लई भारी वळते." मी विचारलं, हजारातून दीडशे गेल्या, किती उरल्या? हातच्याची वजाबाकी ज्यांना दोन महिने जमत नव्हती त्यांनी ती पाटीवर करून दाखवली. आठशे पन्नास. मग एकानं विचारलं, बाई, दीडशे विड्या वळायला किती वेळ लागतो? ते दुसऱ्या दिवशी घरी विचारून आले. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि वेगळं का, यावर आणखी एक तास गेला.

त्याच आठवड्यात शाळेला तपासणी होती. आलेल्या साहेबांनी फळा वाचला आणि मला म्हणाले, "बाई, ही घरगुती रडगाणी इथं कशाला? पाहुणे येतात. पुसून टाका, एखादा चांगला सुविचार लिहा." शिपाईमामा डस्टर घेऊन आले. ती मुलगी व्हरांड्यात उभी होती. मी काही बोलले नाही. नोकरीतलं सहावं-सातवं वर्ष होतं ते माझं, धीर झाला नाही. फळा पुसला गेला आणि तिथं 'नेहमी आनंदी रहा' असं लिहिलं गेलं.

त्यानंतर सात आठवडे तिनं खडू हातात घेतला नाही. मी रोज फळ्याखाली खडू ठेवायचे, ती बघून जायची. संक्रांत झाली, गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली जत्रा, सुरू झाला. यात्रेनंतरच्या पहिल्या सोमवारी फळ्यावर तिचं अक्षर दिसलं. "मी मोठ्या पाळण्यात बसले. वरून तळे दिसले. देऊळ दिसले. किल्ला दिसला. आमचे घर दिसले नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून माझ्या वर्गाच्या फळ्यावरची बातमी कुणीही, कितीही मोठ्या माणसानं सांगितलं तरी, मी दिवस संपायच्या आत पुसू दिली नाही. पुढं दोन वेळा यावरून मला बोलणी बसली. बसू देत.

काही पालक म्हणतील, बाई, आमच्या पोराला इंग्रजी शिकवा, मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवा, हे पाण्याच्या आणि विड्यांच्या बातम्या लिहून त्याचं काय होणार? यावर मी आपल्याच जिल्ह्याकडं बोट दाखवते. माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळं त्यांचं नाव सगळीकडं झालं, ते तुम्ही ऐकलं असेल. पण त्याआधीचं ऐका. मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तक वेगळ्या भाषेतलं, हे त्यांनी पाहिलं. मग ते स्वतः कन्नड शिकले, त्यांनी धडे मुलांच्या भाषेत आणले, आणि कोड त्यानंतर आला. मशीन वाईट नाही हो. पण आधी मुलाच्या घरापर्यंत जायला पाहिजे, आणि ते फळा आणि खडूनंही होतं.

आपल्या सोलापुरात तर एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही ऐकू येतात. पोरगं फळ्यावर 'अम्मा' लिहील, 'अव्वा' लिहील, 'अब्बा' लिहील. लिहू द्या. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' काढलं, ते मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. त्यात मराठी मजकूर होता तसा इंग्रजीही होता. आपल्या भाषेतल्या पत्रकारितेची सुरुवातच दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून झालीय, मग आपल्या फळ्याला दोन भाषांचं वावडं कशाला?

बरं, किती वाजले? दहा मिनिटं राहिली. सात मुद्दे. भराभर घेते, ज्यांच्याकडं वही आहे त्यांनी लिहून घ्या.

३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी आयांना आणि आज्यांना शाळेत बोलावलंय. भाषण कुणी करायचं नाही. मुलं तुम्हाला प्रश्न विचारतील, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात, शाळा का सुटली. खरं सांगा, लाजू नका.

६ जानेवारी, 'दर्पण'चा दिवस. त्या दिवसापासून फाटकाजवळचा फळा मुलांचा. आठवड्याला एक वर्ग. पहिलीची मुलं चित्र काढतील आणि मोठी त्याखाली ओळ लिहितील. बातमीत कोण, काय, कुठं, कधी एवढं यायला हवं. पाहिलेलं लिहायचं, ऐकलेलं असेल तर 'ऐकले' असं लिहायचं. कुणाची चहाडी लिहायची नाही, दुसऱ्याच्या घरचं त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. शिक्षकांना हात जोडून विनंती, लाल खडू त्या फळ्यापाशी नेऊ नका. चुका दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांनी मिळून बघायच्या, नाव न घेता. शासनाचं 'निपुण भारत' २०२१ पासून सांगतंय की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे. स्वतःच्या बोळातली बातमी मूल समजूनच वाचतं.

१२ जानेवारी. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्याच्या आदल्या वर्षी या गावात इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा होता. तिसरी-चौथीची मुलं हुतात्मा चौकात जातील, पुतळ्यांखालची नावं स्वतः वाचतील. ज्यांना जमेल त्या पालकांनी सोबत या, रस्ता ओलांडताना मोठी माणसं लागतात.

मग सिद्धेश्वर यात्रा. सुट्टीचा गृहपाठ एकच, एक बातमी. अक्षता सोहळ्याची असो, बाराबंदी घातलेल्या काकांची असो, गड्ड्यात हरवलेल्या चपलेची असो.

स्नेहसंमेलन २६ जानेवारीनंतरच्या शनिवारी. भाड्याचे महागडे ड्रेस आणू नका. परगावच्या शाळांचे गणवेश आपल्या गावात शिवले जातात, तुमच्यापैकी कितीतरीजण रोज मशीनवर बसता. उरलेल्या चिंध्यांतून आपल्या पोरांचे मुकुट आणि शेले होतील. दोन शनिवार मशीन घेऊन कोण येईल त्यांनी नावं द्या.

१० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी. त्या दिवशी मुलांना उपाशी पाठवू नका, आजारी असेल तर बाईंना आधी सांगा.

आणि सातवं, सहल. नान्नजचं माळढोक अभयारण्य. माळढोक पक्षी दिसेलच असं कुणी मुलांना सांगू नका, फार थोडे उरलेत. काळवीट दिसतील, माळ दिसेल. घरून डबा आणि पाण्याची बाटली, कुरकुऱ्यांची पाकिटं नकोत. सहलीचे पैसे ज्यांना जमणार नाहीत त्यांनी मला किंवा मोठ्या बाईंना बाजूला येऊन सांगा, एकही मूल मागं राहणार नाही.

समितीच्या आयांना एवढंच सांगते, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात असं सांगितलंय. तेव्हा फळा पुसा असं कुणी म्हणालं, तर तुम्ही तिथं उभ्या राहा. मी एकटी होते तेव्हा मला जमलं नव्हतं.

घंटा झाली. ओट्यावर तो रेपो दरवाला मुलगा अजून उभा आहे, त्याच्या हातात खडू आहे. मी त्याला सांगून आले होते की सभा संपली की आजचा फळा तू पुन्हा लिही. तो विचारतोय, बाई, खिचडीत आज वाटाणा आहे, हे लिहू का? लिही बाळा. आधी स्वयंपाकघरात जाऊन बघून ये, मग लिही.