बोलोन्यात छत्री लागत नाही

श्रोतेहो, नमस्कार. इटलीला निघालेली आपली माणसं रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन नावं घोकत निघतात. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाणारी गाडी वाटेत बोलोन्याला थांबते. बहुतेक जण खिडकीतून फलाट बघतात आणि पुढे जातात. आज मी तुम्हाला त्या फलाटावर उतरवणार आहे.

उतरलात की छत्री सामानातच राहू द्या. या गावात रस्त्याच्या कडेनं कमानींची पडवी धावते, तिला तिकडे पोर्तिको म्हणतात. सगळ्या मिळून साधारण ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ पासून त्या युनेस्कोच्या यादीत आहेत. त्या उभ्या राहिल्या त्याची गोष्ट मला फार आवडते. इथलं विद्यापीठ १०८८ सालचं मानतात. देशोदेशीचे विद्यार्थी आले, राहायला जागा पुरेना. मग घरमालकांनी वरचा मजला रस्त्यावर पुढे काढला आणि खाली खांबांचे टेकू दिले. आपल्याकडे यालाच अतिक्रमण म्हणतात आणि नगरपालिकेची नोटीस येते! बोलोन्यानं १२८८ मध्ये उलटाच नियम केला: नवं घर बांधाल तर पोर्तिको हवाच, आणि घोडेस्वार खालून जाईल इतका उंच हवा. जागा मालकाची, डागडुजीही त्याच्याच गळ्यात, वाट मात्र साऱ्या गावाची. स्त्रादा माज्जोरे रस्त्यावर कासा इसोलानी नावाचं घर आहे. त्याचे लाकडी खांब अजून उभे आहेत. तिथे मान वर करून जरा थांबा.

पायांत बळ असेल तर सारागोत्सा वेशीपासून सान लूकाच्या टेकडीवर जा. पावणेचार किलोमीटर, ६६६ कमानी, आणि शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा. १४३३ मध्ये पाऊस थांबेना, पिकं जायची वेळ आली, तेव्हा टेकडीवरची मेरीची तसबीर मिरवत गावात आणली आणि पाऊस उघडला, अशी इथली श्रद्धा. आजही दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास ती गावात मुक्कामाला येते. पालखी भिजू नये म्हणून सतराव्या शतकात लोकांनी ही वाटच छपराखाली घ्यायला सुरुवात केली, असं म्हणा. पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि सकाळीच निघा.

आता पोटाचं. 'स्पॅगेटी बोलोन्येझे' मागू नका, तिथली माणसं कपाळाला हात लावतात. त्यांचा रागू, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, ताल्यातेल्ले या चपट्या शेवयांवर येतो. शाकाहारी असाल तर तोर्तेल्लिनी या सारण भरलेल्या पास्त्यापासून जपा, त्यात डुकराचं मांस असतं. रिकोता हे मऊ चीज भरलेले, लोणी आणि सेजची पानं घातलेले तोर्तेल्लोनी मागा. नावात एका 'ओ'चाच फरक, तेव्हा उच्चार घरून पाठ करून जा. कडक शाकाहारी मंडळींनी एवढं ध्यानात घ्यावं की पार्मेजान चीजसाठी वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. आणि दुपारी तीनला जेवायला जाऊ नका. बऱ्याच खाणावळींच्या चुली अडीचच्या सुमारास विझतात, त्या संध्याकाळी साडेसातपर्यंत पेटत नाहीत. कॉफी मात्र काउंटरपाशी उभ्यानं प्यावी. टेबलाशी बसलात की बिल फुगतं.

मनोरे बघालच. आझिनेल्ली ९७ मीटर उंच आहे, शेजारची गारिसेंदा ठेंगणी आणि चांगलीच कललेली. तिच्या दुरुस्तीसाठी २०२३ मध्ये आझिनेल्लीवर चढणं बंद केलं, तेव्हा आधी चौकशी करा. तिथले विद्यार्थी तसेही पदवी हातात पडेपर्यंत आझिनेल्ली चढत नाहीत. चढला तो नापास, अशी समजूत. परीक्षेच्या बाबतीत सगळे देश सारखेच!

शेवटी माज्जोरे चौकाशेजारच्या पोदेस्ता वाड्याच्या कमानीखाली या. चारही कोपऱ्यांत माणसं भिंतीकडे तोंड करून उभी दिसतील, शिक्षा झाल्यासारखी. आपल्या माणसाला तिरक्या समोरच्या कोपऱ्यात पाठवा आणि भिंतीशी हळूच बोला. मधून लोकांची वर्दळ चालू असली तरी शब्द घुमटावरून सरकत पलीकडे पोहोचतो. रेडिओवाला म्हणून मला आणखी एक सांगावंसं वाटतं: बिनतारी संदेशवाला मार्कोनी १८७४ मध्ये जन्मला तो वाडा इथून पाच मिनिटांवर आहे. कुजबूज झाली की तिकडेही चक्कर मारा.