बूच खंय आसा?

(मालवणात, पर्यटन हंगाम सुरू होण्याआधी होडीवाल्या तरुणांसमोर केलेलं भाषण, बोलण्याचा बाज राखून संपादित.)

मंडळी, पोहायला कुणाकुणाला येतं असं विचारलं तर इथले सगळे हात वर होतील. होडी पाण्यात ढकलण्याआधी तिच्या तळाच्या बुचाला बोट लावून कोण बघतं, असं विचारलं तर? मीही कित्येक वर्षं बघत नव्हतो.

एका संध्याकाळी बोट वाळूवर ओढली, गोड्या पाण्यानं धुतली. आत साचलेलं पाणी निघून जावं म्हणून मागच्या फळीच्या तळाशी असलेलं बूच काढलं आणि बाकाखाली ठेवलं. रात्री मला ताप भरला. सकाळी पुतण्या आणि त्याचा दोस्त बोट घेऊन गेले. रिकामी बोट, पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन, पोरांनी दिला सोडून वेग. आता गंमत बघा. बोट पळत असते तेव्हा त्या भोकातून पाणी आत येत नाही, उलट आतलंच बाहेर खेचलं जातं. त्यामुळे कळलंच नाही. किल्ल्याच्या अलीकडे वेग कमी केला, तेव्हा पावलं भिजली. दोस्त ओरडला, "बूच खंय आसा रे?" पुतण्यानं डोक्याचा पंचा सोडून भोकात कोंबला म्हणून बोट परत आली.

घरी सगळ्यांनी पोराला झापलं. पण चूक माझी होती. संध्याकाळी अर्धं काम मी केलं आणि उरलेलं अर्धं सकाळच्या माणसावर टाकलं, त्याला न सांगता. तेव्हापासून आमच्या घरी बूच आणि इंजिनची चावी एकाच दोरीत ओवलेली असते. चावी हातात आली की बूच समोर लोंबतंच.

आता पेट्रोल. सुटी टाकी असेल तर ती जेटीवर उतरवून, जमिनीवर टेकवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, तळात जाऊन बसते. बोटीत टाकी भरली आणि शेजारी बॅटरीच्या तारेनं ठिणगी टाकली की संपलं. विडीचं तर मी बोलतच नाही. इंजिन आत बसवलेलं असेल तर झाकण उघडा, आतली हवा बाहेर काढणारा पंखा चार मिनिटं चालवा, वास घ्या, मग चावी फिरवा. तुमच्या नाकाइतकं स्वस्त यंत्र बाजारात नाही.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला का? नाहीतर दहा मिनिटांत इंजिन गुदमरतं, आणि ते नेमकं खडपाजवळच, म्हणजे पाण्यातल्या खडकांजवळ. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा कडक होईस्तोवर दाबा. गिअर न्यूट्रलला. इंजिन सुरू झालं की मागे वळून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते का ते बघा. धार नाही, तर लगेच बंद. प्लास्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या जाळीला चिकटली असेल; पाण्याशिवाय आतला रबरी पंखा बघता बघता जळतो. आणि ओढली की इंजिन बंद करणारी ती लाल गुंडाळीची दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवा. लाट लागून तुम्ही बाहेर फेकले गेलात तर इंजिन बंद पडायला हवं. माणसाशिवायची बोट गोल फिरते आणि पाण्यातल्या फिरत्या पंख्यासकट तुमच्यावरच परत येते.

जॅकेटचं एवढंच सांगतो. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तिच्या इंजिनची चाचणी चालू होती. अशी धडक बसल्यावर बाकाखालून जॅकेट काढायला वेळ कुठला? पाहुणे बसण्याआधी पट्टा ओढून द्या, मुलांना मुलांच्या मापाचं.

भरतीचं गणित तुमच्या आजोबांना येत होतं. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, एकादशीला सव्वाआठ. थोडा इकडेतिकडे फरक पडतो, पण एकादशीला दुपारी अडीचच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी, असणार हे घरबसल्या कळतं. म्हणजे परतीला खडप वर आलेलं असणार.

हे गणित बोट बांधताना जास्त लागतं. मी बंदरात एक बोट नाकानं लटकलेली बघितली आहे. मालकानं ऐन भरतीला दोर ताठ आवळला आणि जेवायला गेला. पाणी उतरलं, बोट उतरली नाही. मागच्या बाजूनं पाणी शिरलं, इंजिन बुडालं. उधाणाला इथं साधारण दोन मीटर पाणी चढउतार करतं, मुंबईकडे त्याहून बरंच जास्त. तेवढा ढील दोराला द्या, दोर धक्क्याला घासतो तिथं जुन्या पाइपाचा तुकडा चढवा. नांगरावर ठेवणार असाल तर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी दोर सोडा. कमी सोडला तर नांगर रुतत नाही, उचकटतो.

शेवटी इंजिनला गोडं पाणी पाजा, दहा मिनिटं. पाणी ओढणाऱ्या जाळीवर रबरी कप लावून, न्यूट्रलमध्ये, पंख्याजवळ कुणाला उभं न करता. मग इंजिन सरळ उभं ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या. खाऱ्या पाण्याचं मीठ आत सुकलं की वाटा बुजतात, आणि पुढच्या मोसमात मेकॅनिकचं घर बांधून होतं. पेट्रोलची नळी सोडवा, बॅटरीची तार काढा, बोट पाण्यातच राहणार असेल तर पंखा वर उचला.

आता जेटीवर चला, बोट आणून ठेवली आहे. ज्याला ती पाण्यात ढकलायची असेल त्यानं आधी माझ्याकडे यावं. बूच माझ्या खिशात आहे.